विहिरीची जागा

— न्हाई, तो भिंतीवरचा सोडून बोला. बाकी कात्रणचित्रांचे अकरा फळे आहेत, त्यांतले हवे ते उचला, गुलबर्ग्याच्या प्रदर्शनात मांडा, खाली माझं नाव लिहा अगर लिहू नका — वीरण्णा मास्तर, खटकचिंचोळी, एवढं पुष्कळ झालं — पण तो मोठा फळा तेवढा इथंच राहील. कामून? आता कामून म्हणजे काय साहेब, जड आहे, हे एक. बसच्या टपावर टाकला तर भालकीपर्यंत त्याचे दोन फळे होतील, हे दुसरं. साहेब म्हटलेलं आवडत न्हाई? बरं, मग अप्पा म्हणतो, आमच्याकडं वयानं लहान असला तरी अप्पाच म्हणतात. बसा अप्पा. त्या पाटावर न्हाई — तिथं खळ सांडली आहे, पँट चिकटेल, आणि मग तुम्हालाच चौकटीत घालून न्यावं लागेल प्रदर्शनाला. हसा, हसा. या खोलीत हसणारा माणूस फार दिवसांनी आला.

पद्धत विचारत होता न्हवं? पद्धत साधी आहे. शाळेच्या पडवीत वाचनालय आहे, ते मीच बघतो. मराठी, कन्नड आणि उर्दू अशी तीन वर्तमानपत्रं येतात, एक दिवस शिळी. महिना झाला की ती माझी. रेषेच्या बाहेर न जाता शब्द कापायचा, वळण सुटलं तर टाकून द्यायचा. आणि एक नियम मी पहिल्यापासून पाळत आलो आहे — स्वतःच्या हातानं एकही अक्षर लिहायचं न्हाई. जे छापलं आहे तेच कापायचं, तेच लावायचं. कोणी उद्या विचारलं, मास्तर, हे तुम्ही कशावरून म्हणता, तर मी म्हणणार — मी कुठं म्हणतो, छापून आलं आहे. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला असा नियम बरा पडतो. खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजून, सालं काढून, रात्रभर भिजत घालून वाटायचे आणि चुलीवर शिजवायचे, वरून चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत न्हाई. ही काही माझी विद्या न्हवे. आपल्याकडं बायका फाटक्या सुपाला कागद लावतात, जुन्या टोपलीला आतून लिंपतात, ती हीच खळ. सावित्रम्मा — माझी मंडळी — तिच्या हातची खळ गावात प्रसिद्ध होती. आता ती करत न्हाई. मीच करतो. ते सोडा.

हा बघा, हा आमचा शाळांचा इन्स्पेक्टर. डोकं टेंडरच्या जाहिरातीचं, छाती सत्कार-समारंभाची, आणि पोट सगळं आश्वासनांचं — ‘लवकरच’, ‘लवकरच’, ‘लवकरच’. त्यांनी स्वतः पाहिला. म्हणाले, मास्तर, नाक माझ्यासारखं आलंय. मी म्हटलं, साहेब, ते औषधाच्या जाहिरातीतलं आहे. आणि हे बाजेवर झोपलेल्या म्हातारीचं — हे तुम्ही न्याच. गेल्या वर्षी आयोगाचा अहवाल आला, हैदराबाद राज्य मोडून तीन तुकडे करायचे ठरलं, तेव्हापासूनचे कागद आहेत यात. मराठी पुढारी म्हणत होते, बीदर इकडं द्या, ही जनतेची इच्छा आहे. कन्नड पुढारी म्हणत होते, तिकडं द्या, ही जनतेची इच्छा आहे. उर्दू पत्र लिहीत होतं, मोडूच नका, ही जनतेची इच्छा आहे. मी त्या सगळ्या इच्छा कापल्या आणि म्हातारीच्या अंगावर वाकळ म्हणून पांघरल्या. म्हातारीचं तोंड मात्र कोरं ठेवलं आहे. तिला कोणी विचारलं न्हवतं ना. आमच्या घरातच बघा, आई कन्नडात जेवायला वाढायची, वडील मराठीत शिव्या द्यायचे, आणि मी उर्दूत पास झालो. येत्या एक तारखेपासून म्हैसूर राज्य. पोरांना आता कोणत्या भाषेत नापास करायचं, तेवढं कळवा म्हणावं.

उठलात कामून? इथून दिसतो की. लांबूनच बघायचा असतो तो, म्हणून तर खिळा एवढा वर ठोकला आहे — बरं, बघा. बघायला काही हरकत न्हाई. हे आमचं गाव. हा भालकीचा रस्ता, हे मारुतीचं देऊळ, हा मठ, ही मशीद, हे चिंचेचं झाड, आणि ही सगळी शेतं. शेतात तासं दिसायलीत ना, तुरीची? जवळून वाचा. एकेक तास म्हणजे एकच शब्द आहे, पुन्हा पुन्हा लावलेला — ‘शांतता’. मराठीतला, कन्नडातला, उर्दूतला. चारशे बारा आहेत. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आम्हालाही आनंद झाला. खोटं कशाला सांगू, शाळेवर झेंडा मीच चढवला. पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत या खेड्यापाड्यांतून जे झालं — रझाकारांनी छळलं होतं, ते खरंच. पण त्याचा सूड ज्यांच्यावर काढला त्यांतल्या कित्येकांनी जन्मात काठीसुद्धा हातात धरली न्हवती — ते कुठल्या पत्रात आलं? मी रोज उघडून बघायचो. ‘जिल्ह्यात सर्वत्र शांतता आहे.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा — ‘शांतता आहे’. तेव्हा मी तो शब्द कापायला लागलो. आठ वर्षं कापतो आहे. अजून येतो तो, हल्ली दुसऱ्या कारणांसाठी येतो.

व्हय, तिथं मोकळं आहे. ती विहीर. गावाच्या खालच्या अंगाची. मुद्दाम मोकळी ठेवली आहे, म्हणजे बघणाऱ्यानं विचार करावा — शब्द संपतात तिथं काय असतं, असा काहीतरी अर्थ आहे त्यात. तुम्ही शिकलेले, तुम्हाला काय सांगायचं. न्हाई, डाग न्हाई तो. खालचा कागद आहे. रद्दीच आहे खाली, दुसरं काय असणार — अप्पा, एवढं नाक लावून बघू नका, मोरचुदानं डोळे चुरचुरतात. काय म्हणालात? अक्षरं हाताची आहेत? तुम्हाला उर्दू येते? उस्मानियात होता. मग हे आधी सांगायचं न्हाई का. मी तुम्हाला नव्या पिढीचे समजून बोलायलोय. बरं, वाचलंत तर वाचलंत. मोठ्यानं कशाला वाचता, मला पाठ आहे ते. ‘बकलम वीरण्णा.’ म्हणजे हा कागद वीरण्णानं लिहिला. मीच तो. गावात दुसरा वीरण्णा आहे, पण त्याला अंगठ्याशिवाय काही येत न्हाई.

हातानं लिहायचं न्हाई हा नियम — व्हय, सांगितला मी. तो नंतरचा आहे. सांगतो. बसा. ते विक्रीखत आहे. फसली एक्कावन्न, म्हणजे बेचाळीस साल. आमच्या वडिलांनी ओढ्याकाठचं चार एकर विकलं, महबूबसाबाला. महबूबसाब पिंजारी — गाद्या भरायचा, धनुकली खांद्यावर घेऊन गावोगाव फिरायचा, अंगावर कापूस एवढा की पोरं त्याला म्हातारा म्हणायची, तेव्हा तो तिशीचाही न्हवता. मला म्हणायचा, मास्टर, तुम पोरांच्या डोक्यात भरता, मी गादीत भरतो, माझं तरी दाबलं तर वर येतंय. त्याला जमिनीची फार हौस. पोरवयापासून कापूस पिंजून त्यानं ते चार एकर घेतलं. खत लिहायला उर्दू येणारा माणूस घरचाच होता, वडिलांनी मला बसवलं. वडिलांचा अंगठा, दोन साक्षीदार — एक भगवानराव पटवारी, ते मागल्या साली वारले, आणि दुसरा मठाचा जंगम, तो त्याच्या आधीच. नोंद करायला बीदरला जायचं होतं, वडील आजारी पडले, करू पुढल्या वर्षी म्हणून राहिलं. कोणी घाई केली न्हाई. महबूबसाब पेरत होता, आम्ही बघत होतो, सगळ्यांना ठाऊक होतं जमीन कोणाची ते. ठाऊक असलेल्या गोष्टीचा कागद कोण मागतं?

मग तो सप्टेंबर. एका दुपारी तो शाळेत आला, हुसेनबी — त्याची बायको — बाहेर उभी होती, पोराला घेऊन. अंगरख्यातून कागद काढला आणि म्हणाला, मास्टर, ये रखो, तुमच्या घरात कोण शोधायचं न्हाई. मी ठेवला. त्यानंतर मी त्याला पाहिलं न्हाई. हुसेनबी पोराला घेऊन गुलबर्ग्याला भावाकडं पोचली. तो पोचला न्हाई. कुठं गेला? — ते मी कसं सांगू, अप्पा, मी तिथं न्हवतो. मी घरात होतो, दाराला कडी होती. विहिरीचं पाणी मात्र त्या वर्षी कोणी भरलं न्हाई. अजून भरत न्हाईत. विचारा गावात, पाणी खारट झालं म्हणतील.

आणि तिसऱ्या दिवशी बातमी आली की उर्दूतला कागद दिसेल त्याची होळी करायलेत, घराघरांत शिरायलेत. मी माझी पुस्तकं जाळली. मॅट्रिकचा दाखला जाळला. हा कागद मात्र हातात घेऊन उभा राहिलो. चुलीवर खळ होती — सावित्रम्मा सुपाला कागद लावत होती, अशा दिवसातसुद्धा, हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून. वाचनालयाचा हा फळा घरात पडला होता. मी खत त्याच्यावर पसरलं आणि वरून मराठी वर्तमानपत्र डकवून टाकलं. आले लोक. फळा पाहिला, त्यावर झेंड्याची बातमी होती, खूष झाले, एक जण म्हणाला, मास्तर पक्के आहेत. गेले. कागद वाचला. असं मी त्या दिवशी सावित्रम्माला म्हणालो — वाचला. पण चूक काय झाली ती बघा. नुसती कडेनं खळ लावली असती, चार बोटं, चारी बाजूंनी, तर आज पातं घालून वरचा कागद अलगद उचलला असता. आमची सवय — सुपाला लावतात तशी, सगळीकडं सारखी, हात फिरवून, फुगा राहू न देता, खालून आणि वरूनही. पोरांना हेच शिकवलं आहे मी. जन्मभर हेच शिकवलं — काम अर्धवट करायचं न्हाई.

हावगेप्पा? तो माझा धाकटा भाऊ. त्याचं नाव मी घेतलं न्हाई, तुम्हाला कुठून कळलं? गावात कोणी बोललं असेल. व्हय, ते चार एकर तो कसतो. पन्नास सालापासून. दोन वर्षं जमीन पडीक होती, मग त्यानं नांगर घातला. मी म्हटलं, हावगेप्पा, ती आपली न्हवे. तो म्हणाला, अण्णा, आपल्या बापाचीच हाय न्हवं, आन् पडीक ठेवली तर दुसरा कोण तरी घालंल नांगर, त्यापेक्षा आपण राखू, आले की देऊ. राखू म्हणाला तो. शब्द तसाच वापरला त्यानं. मला तो पटला. तूर त्या घरातून या घरातही येते, अप्पा — भिंत एकच आहे, पोतं इकडं ठेवलं काय अन् तिकडं ठेवलं काय.

एकावन्न साली ती आली. हुसेनबी. त्याच जागी बसली होती, जिथं तुम्ही बसलात. पोरगं बरोबर न्हवतं, तापानं गेलं म्हणाली, सहज म्हणावं तशी म्हणाली. म्हणाली, मास्तर, यांनी तुमच्याकडं कागद दिल्ता. मी तिच्याकडं पाहिलं, आणि तिच्या डोक्यावर हा फळा होता, इथंच, याच खिळ्याला. मी म्हणालो — जळला. सगळ्यांचे जळले, त्यात तोही जळला. खोटं म्हणता? आता खोटं — त्या वेळी मला वाटलं, खोटं असं न्हाई, सुटत न्हाई म्हणजे जळल्यासारखाच. ती काय म्हणाली ठाऊक आहे? जळला तर जळू द्या मास्तर, तुमी वाचलात, ते बरं झालं. पाणी प्याली आणि गेली. सावित्रम्मा चुलीपाशी होती. तिनं खळीचं भांडं उचललं, परसात नेऊन पालथं केलं, आणि त्या दिवसापासून खळ केली न्हाई. बोलते माझ्याशी, जेवायला वाढते, विचारलं तर उत्तर देते. खळ करत न्हाई. मग मी शिकलो करायला. आणि त्याच आठवड्यात मी शेतं लावायला घेतली, ‘शांतता’ची. तोवर नुसतीच कापून डब्यात ठेवत होतो. हा कागदावर कागद किती झाला असेल — सात थर, काही ठिकाणी नऊ. लोक म्हणतात, मास्तरांनी न छापलेली बातमी सांगितली. हैदराबादेहून एक जण आले होते, ते म्हणाले, धाडस आहे. मी मान हलवली.

मोकळी जागा मुद्दाम न्हवे, बरोबर. तुम्ही ओळखलंतच. विहीर आधी काळी होती, बुटाच्या पॉलिशच्या जाहिरातीची, चांगली गोल जमली होती. मागल्या महिन्यात हुसेनबीचं कार्ड आलं — हे बघा, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. भालकीच्या तहसिलीत अर्ज केला आहे, सोमवारी सुनावणी आहे, शेवटची आहे म्हणते, नवं राज्य आलं की फायली कुठं जातील कोणाला ठाऊक. कागद असेल तर कागद, न्हाईतर कोणी ठाऊक असणारा. ते वाचून मी ओल्या फडक्यानं विहिरीची जागा भिजवून वरचा कागद सोडवून पाहिला. वरची छापलेली शाई तेलाची, ती हलली न्हाई. खाली माझी शाई, काजळ आणि डिंकाची, मीच घोटलेली — ती पाण्याबरोबर निघाली, काळी धार फळ्यावरून खाली आली. जमिनीच्या चतुःसीमा गेल्या. वडिलांचा अंगठा गेला. मी घाईनं फडकं काढलं, तेव्हा एवढंच राहिलं होतं. माझं नाव. बाकी सारा कागद खाली आहे, शाबूत आहे, आणि बघायचा म्हटला की जातो. म्हणजे न्हाईच, अप्पा. हे लक्षात घ्या, कागद न्हाईच.

काय?

न्हाई, ऐकलं मी. ‘कोणी ठाऊक असणारा.’ वाचलं ते मी, लिहिता-वाचता येतं मला. सोमवारी जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, खत मी लिहिलं — एवढंच, व्हय, चार शब्दांचं काम आहे. बसनं दीड तास. तुम्ही उस्मानियात शिकलात, तुमच्या हिशेबानं सोपं आहे. पण सोमवारी शाळा आहे. आणि मी तिथं बोललो की विचारणार, मास्तर, मग एकावन्न साली जळला कामून म्हणालात? ती तिथंच उभी असणार. तिच्या तोंडावर सांगायचं? ती मला वाचलेला समजते, अप्पा, अजून समजते. आणि संध्याकाळी परत कुठं यायचं — याच भिंतीच्या अलीकडं. हावगेप्पाची दोन पोरं आहेत, ती त्या शेताला आमचं शेत म्हणतात, त्यांना दुसरं ठाऊकच न्हाई. मुलीचं लग्न राहिलं आहे माझ्या. नोकरीची चार वर्षं राहिली आहेत. असं मोजायला लागलं की काही ना काही राहिलेलंच असतं. दुसरा कोणी असता तर गेलो असतो, दुसऱ्याबरोबर. दोन्ही साक्षीदार गेले. एकटा उरलेला माणूस म्हणजे साक्षीदार न्हवे, तो नुसता —

गाडी वाजली का? ओढ्याच्या उतारावर. तो बैलांना बोलतोय, ऐकलंत? हावगेप्पा आला. तुरीत कोळपणी चालली आहे, ऊन कललं की येतो. थांबा, बसून राहा, उठू नका एकदम. ती वाटी इकडं द्या. व्हय, खळीची. आणि त्या डब्यातली एक पट्टी, कोणतीही, सगळ्या सारख्याच आहेत. कन्नडातली आली का, चालेल. नव्या राज्याला चालेल.

असं. बोटानं मधून कडेला जायचं, फुगा राहत न्हाई.

आता घेऊन जा हा. व्हय, हाच. आधी न्हाई म्हणालो, आता हो म्हणतो, माणूस बदलतो की. तिकडं बघतील लोक, चांगलं म्हणतील. नाव घालू नका खाली, नाव नको. बाकीचे राहू द्या, म्हातारी राहू द्या, हा एकच न्या. परसातल्या दारानं जा, पुढं गाडी सोडेल तो. माझ्याकडं असं बघू नका, अप्पा, तुमची बस चुकेल. दोन्ही हातांनी धरा, आडवा. आणि विहिरीच्या जागी बोट लावू नका, ओलं आहे अजून.